मालदीवला जाताय? आधी दवाखाना किती तासांवर आहे ते विचारा

आत्याला साखर आहे, आतोबांना रक्तदाब. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून आतेभावानं मालदीवची सहल ठरवली. आमच्या घरात तिथं जाऊन आलेला मी एकटा, तेव्हा सल्ल्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मी हौसेनं पाण्यावरच्या खोल्यांचे फोटो पाठवले. ते तिनं पाहिले की नाही कोण जाणे, थेट फोन केला. "तिथं दवाखाना आहे का रे?"

"आहे की. राजधानी मालेतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला इंदिरा गांधींचंच नाव आहे. आपल्या सरकारच्या पैशातून उभं राहिलंय ते."

"मग बरंय. आमच्या हॉटेलपासून किती लांब?"

इथं मी अडकलो. त्यांनी हेरलेलं रिसॉर्ट मालेपासून सीप्लेननं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं, चाळीस मिनिटांवर, आणि सीप्लेन अंधारात उडत नाही. म्हणजे रात्री ते चाळीस मिनिटांचं अंतर नेमकं किती तासांचं होतं, हे मला सांगता येईना.

२०२३ मध्ये दोन लाखांहून जास्त भारतीय मालदीवला गेले. २०२४ च्या जानेवारीत आपल्याकडे मालदीववर बहिष्काराची लाट आली, राजकीय तणातणी झाली आणि त्या वर्षीचा आकडा १ लाख ३० हजारांच्या आसपास उतरला. आता दोन्ही सरकारांचं पुन्हा जुळलंय आणि सहलींच्या जाहिरातीही परतल्यात. त्यांत आत्याच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नसतं, म्हणून हा लेख.

साबुदाणा सांडल्यासारखा देश

मूठभर साबुदाणा घेऊन मुंबईहून बंगळुरूला निघालात आणि वाटेत तो सांडत गेला, तर जे दिसेल तसा हा देश आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ८७० किलोमीटर, बेटं १,२०० च्या घरात, त्यांतली जेमतेम २०० लोकवस्तीची. सगळी जमीन एकत्र केली तर सुमारे ३०० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा कमी. लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दीड मीटरच्या आसपास. डोंगर सोडाच, टेकाडसुद्धा नाही.

बेटांच्या एका कड्याला 'अटॉल' म्हणतात. हा शब्द जगाला मालदीवच्या धिवेही भाषेनंच दिला. फुटलेली बांगडी पाण्यात पडलेली डोळ्यांसमोर आणा: काचेचे तुकडे म्हणजे प्रवाळ आणि त्यावरची बेटं, मधलं शांत पाणी म्हणजे लगून आणि तुकड्यांमधल्या फटी म्हणजे खुल्या समुद्राकडे जाणाऱ्या वाटा. या फटी लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

संयुक्त राष्ट्रं अशा देशांना 'लहान विकसनशील द्वीपराष्ट्र' म्हणतात. १९९२ च्या रिओ परिषदेपासून हा गट वेगळा मानला जातो. नावातल्या 'विकसनशील'मुळे आपल्याला वाटतं, गरीब देश असणार. मालदीव तर २०११ मध्येच अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला आणि तिथलं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा बरंच जास्त आहे. अडचण लहानपणाची आहे. पाच लाख लोकांच्या देशात मोठी हॉस्पिटलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असणार, आणि ती बहुतेकांपासून समुद्रापलीकडे असणार.

एकाच नळावरचा वाडा

जुन्या वाड्यात अंगणात एक नळ असायचा. तो बिघडला की मालक-भाडेकरू सगळे सारखेच. ४ डिसेंबर २०१४ ला मालेत तेच झालं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि राजधानीतल्या लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. शेजारच्या गावाहून टँकर मागवायची सोय नव्हती, कारण शेजारी गावच नव्हतं. भारतीय हवाई दलाच्या विमानांनी पाणी नेलं, नौदलाची जहाजं गेली.

मुळात समुद्राचं पाणी गोडं करावं का लागतं? छोट्या प्रवाळी बेटावर नदी नसते, तलाव नसतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, आमटीवर फोडणीच्या तेलाचा तवंग असतो तसं. हलक्या हातानं वरवर काढलं तर गोडं मिळतं. जास्त उपसलं, किंवा समुद्र बेटावरून वाहून गेला, की सगळं ढवळलं जातं. २००४ च्या त्सुनामीत अनेक बेटांच्या विहिरी अशाच खारट झाल्या.

प्रवाशासाठी याचा अर्थ सोपा आहे. गेस्टहाउसच्या नळाचं पाणी अंघोळीपुरतं, प्यायला बाटलीचं किंवा त्यांनी खास पिण्याचं म्हणून दिलेलं. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या.

"पाणी तर गुडघाभरच असतं ना?"

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय, आणि माझ्या मते सगळ्यात घातकही हाच. मालदीवमध्ये फिरायला गेलेल्यांना चोराचिलटांपेक्षा पाण्याची भीती जास्त बाळगायला हवी. लगूनचं पाणी काचेसारखं, उथळ आणि कोमट. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायाशी मासे फिरतात. पण प्रवाळाची कड येते तिथं तळ एकदम तुटतो. निळ्याचा गडद निळा होतो ती रेघ म्हणजे पाण्याखालचा कडा.

आता त्या बांगडीच्या फटी. भरती-ओहोटीला अख्ख्या अटॉलचं पाणी त्या अरुंद फटींमधून आत-बाहेर करतं. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर जशी गर्दी तुम्हाला चालवत नेते, तुमचे पाय नावापुरतेच हलतात, तसं. स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे तोंडात नळी आणि डोळ्यांवर मुखवटा लावून पाण्यावर पालथं तरंगताना, नजर खाली माशांवर असते. किनारा किती दूर गेला ते कळतच नाही.

माझंही तसंच झालं होतं. एका कासवाच्या मागे निघालो, पाच मिनिटं झाली असतील असं वाटलं. डोकं वर काढलं तर जेट्टीवरची निळी छत्री सुपारीएवढी दिसत होती. परत यायला लागलो तर छत्री मोठी होईचना. आमच्या गेस्टहाउसचा पोरगा पोहत आला, म्हणाला, समोरून भांडू नको, आडवा चल. किनाऱ्याला समांतर बरंच अंतर गेल्यावर ओढ सुटली आणि आम्ही भलतीकडेच बाहेर पडलो. मी सोसायटीच्या तलावात एका दमात वीस फेऱ्या मारतो. समुद्राला त्याचं काही नव्हतं.

तेव्हापासूनचे माझे नियम. लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येत असलं तरी. एकट्यानं जायचं नाही. उतरण्याआधी स्थानिक माणसाला विचारायचं की ओढ आत्ता कुठल्या बाजूला आहे, आणि सुरुवात ओढीच्या विरुद्ध करायची, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणी मदत करतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलायचं, कारण नळीतून श्वास घेणं दिसतं तितकं सोपं नसतं. प्रवाळाचा ओरखडा क्षुल्लक वाटतो पण चिघळतो. लगेच स्वच्छ पाण्यानं धुवायचा, जंतुनाशक लावायचं. पायात पाण्यातले बूट हवेत, पण प्रवाळावर उभं राहायचं नाही, ते जिवंत असतं.

स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून खोल पाण्यात बुडी, केलं असेल तर विमानाची वेळ तपासा. खोल पाण्यात दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. सोड्याची बाटली हळू उघडली तर ठीक, फटकन उघडली तर फेस. लगेच उंच उडालात तर रक्तात तेच होतं. एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त केल्या असतील तर किमान १८, आणि बरेच प्रशिक्षक सरळ २४ सांगतात. सीप्लेनही यात धरायचं.

शुक्रवारची बोट आणि दुपारची सीप्लेन

मालदीवमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि सार्वजनिक फेरी बोटी सहसा शुक्रवारी बंद. हे ठाऊक नसल्यानं सकाळी साडेसातला सामानासह जेट्टीवर बसलेलं एक जोडपं मी पाहिलंय. दुपारचं विमान गाठायला त्यांना शेवटी खासगी स्पीडबोट करावी लागली आणि तिचं भाडं ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला.

सीप्लेनचं गणित आणखी कडक. वैमानिक डोळ्यांनी बघून उडवतात, म्हणून उजेड लागतो. तुमचं विमान दुपारी साडेतीननंतर मालेला उतरणार असेल तर ती रात्र बहुधा मालेत किंवा शेजारच्या हुलहुमालेत काढावी लागते, आणि तो खर्च पॅकेजमध्ये धरलेला नसतो. सामानही साधारण २० किलो अधिक हातात ५. शिवाय काही रिसॉर्टं दिवस मोठा दिसावा म्हणून आपलं घड्याळ तासभर पुढे ठेवतात. मालदीव भारताच्या अर्धा तास मागे, रिसॉर्ट अर्धा तास पुढे. बोटीची वेळ कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्या.

हवामान आपल्याला कळायला सोपं. मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा, त्याला तिथं हुळंगू म्हणतात, तर जानेवारी ते एप्रिल कोरडा इरुवाई. आपला कोकणातला माणूस नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो, ते उगाच नाही. तोच समुद्र आहे, जरा खाली. पावसाळ्यात पॅकेज स्वस्त मिळतं, पण स्पीडबोट रद्द होऊ शकते, आणि नाही झाली तर कंबर मोडते. पाठीचा त्रास असलेल्यांनी बोटीत मागच्या बाजूला बसावं, तिथं आपट कमी. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मालेजवळ असणं, हा माझा हट्ट.

आजारी पडलं तर नक्की काय होतं?

लोकवस्तीच्या बेटावर छोटं आरोग्य केंद्र असतं. ताप, टाके, सलाईन तिथं होतं. मोठं काही असलं तर प्रादेशिक हॉस्पिटल, आणि त्याहून गंभीर असेल तर माले. रिसॉर्टवर डॉक्टर असेलच असं नाही, काही ठिकाणी नर्स असते, काही ठिकाणी शेजारच्या बेटावरून डॉक्टर बोलावतात.

रुग्णाला बोटीनं किंवा विमानानं मोठ्या हॉस्पिटलात हलवण्याला 'मेडिकल इव्हॅक्युएशन' म्हणतात. भारत-मालदीव वादात बातम्यांमध्ये सारखं यायचं ना, भारतानं दिलेली दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान? ती बरीचशी याच कामाला होती: दूरच्या बेटावरून रुग्ण आणणं आणि समुद्रात हरवलेल्यांचा शोध. मालदीवनं भारतीय लष्करी कर्मचारी नकोत असं सांगितलं, मे २०२४ पर्यंत ते परतले आणि त्यांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ गेले. आपल्याकडे चर्चा रंगली ती सैनिकांची, पण तिथल्या दूरच्या बेटावर राहणाऱ्यासाठी तो अँब्युलन्सचा प्रश्न होता.

"विमा तर तिकिटाबरोबर काढलाय"

काढलाय, पण वाचलाय का? तीन गोष्टी शोधा. रुग्ण हलवण्याचा खर्च त्यात आहे का? आधीपासूनचे आजार, म्हणजे आत्याची साखर, धरलेत की वगळलेत? आणि स्नॉर्केलिंग-डायव्हिंग 'साहसी खेळ' म्हणून बाहेर काढलंय का? स्वस्त विम्यात हे तिन्ही बहुधा नसतं. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर कागदावर लिहून ठेवा, फोन पाण्यात पडतो.

औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या आणि दोन बॅगांत विभागा. इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी आणि तीत ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही हवं. आपल्याकडे औषधवाला ओळखीवर देतो त्या कोडीनच्या खोकल्याच्या औषधाला किंवा झोपेच्या गोळ्यांना तिथं चिठ्ठीशिवाय अर्थ वेगळा लागतो. अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत.

मलेरियाची चिंता नको. मालदीव मलेरियामुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जाहीर केलं. डेंग्यू मात्र आहे आणि तो डास दिवसा चावतो. ताप आलाच तर पॅरासिटामॉल घ्या, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिनच्या वाटेला स्वतःहून जाऊ नका. आणि ऊन! विषुववृत्त या देशाच्या दक्षिण भागातून जातं. पालथं तरंगताना पाठ भाजते आणि गार पाण्यामुळे ते कळतही नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट कुठल्याही क्रीमपेक्षा बरा.

"आपला देव बरोबर नेला तर काय बिघडतं?"

आत्याच्या पर्समध्ये चांदीचा छोटा गणपती असतो. काशीला होता, सिंगापूरलाही होता. मालदीवला मात्र नाही. पूजेच्या मूर्ती देशात आणायला बंदी आहे. दारूलाही, बाहेरून आणलेल्या. विमानतळावर घेतलेली ड्यूटी-फ्री बाटलीसुद्धा चालत नाही. रिसॉर्टवर दारू मिळते, लोकवस्तीच्या बेटांवर नाही. तिथं बिकिनीही फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर. ई-सिगारेट २०२४ च्या अखेरीपासून पूर्ण बंद. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तंबाखू विकत घेता किंवा ओढता येत नाही. पर्यटकालाही हा नियम लागू, तेव्हा कॉलेजातल्या भाच्याला सांगून ठेवा.

हे पटतं का, यावर वाद घालता येईल, पण तो कस्टमच्या खिडकीशी घालू नये. आत्यानं तोंड वाकडं केलं, मग म्हणाली, "मनात आहे तो कोण काढून घेतोय?"

परतताना शंख, वाळू, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका. तेही बेकायदेशीर आहे.

कागद, पैसे आणि मासा

व्हिसा पोहोचल्यावर विमानतळावर मिळतो, फुकट. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. 'इमुगा' नावाचा प्रवासी अर्ज उड्डाणाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन भरायचा, तोही फुकट. पैसे मागणारी बनावट संकेतस्थळं आहेत, त्यांपासून सावध.

रिसॉर्टच्या दरापुढे अधिकची दोन चिन्हं दिसली तर समजा की १० टक्के सेवाशुल्क आणि १७ टक्के कर वेगळा. वर माणशी, रात्रीमागे हरित कर: रिसॉर्टवर १२ डॉलर, छोट्या गेस्टहाउसवर ६. डॉलरच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. छोट्या बेटावर एटीएम एकच असतं, आणि एकाच नळाचं काय होतं ते वर सांगितलंय. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा अॅडॅप्टर.

शाकाहारी मंडळींनी नीट विचारावं. धिवेही आपल्या भाषेची लांबची बहीण आहे: तिथं 'रोशी' म्हणजे पोळी, 'राज्जे' म्हणजे राज्य आणि 'मस' म्हणजे मासा. "यात मटण-चिकन नाही ना?" विचारलं तर 'नाही' हे खरं उत्तर मिळतं, आणि खोबऱ्यात टूना बारीक करून घातलेला असतो. म्हणून थेट "मस आहे का?" विचारा.

"लाखो लोक जातात, त्यांना कुठे काय होतं?"

बरोबर आहे. २०२४ मध्ये वीस लाखांहून जास्त पर्यटक गेले आणि बहुतेक जण काळे पडून, खूश होऊन परतले. देश शांत आहे, माणसं मदतीला येतात. मला ओढीतून काढणारा तो पोरगा पैसेही घेईना. पण इथं आपण ज्या चुका पचवतो, गोळ्या विसरलो, आणू कोपऱ्यावरून, त्या तिथं बोटीच्या वेळापत्रकाशी बांधलेल्या असतात. अँब्युलन्स १०२, पोलीस ११९, तटरक्षक दल १९१. मालेतल्या भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबरही त्याच कागदावर लिहा.

आतेभावानं शेवटी आत्याचे प्रश्न जसेच्या तसे तीन रिसॉर्टना पाठवले. बेटावर डॉक्टर मुक्कामाला असतो का? रात्री दोनला त्रास झाला तर बोट निघते का, किती वेळ लागतो, पैसे कोण देतं? खोलीत इन्सुलिनसाठी फ्रीज चालू राहतो का, की कार्ड काढलं की बंद? एकानं स्पाचं माहितीपत्रक पाठवलं. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही. तिसऱ्यानं तासाभरात डॉक्टरच्या वेळा, मालेपर्यंत स्पीडबोटीनं पस्तीस मिनिटं आणि फ्रीज रात्रंदिवस चालू राहील असं कळवलं. बुकिंग तिथं झालंय. सीप्लेन हुकली म्हणून आतेभाऊ थोडा नाराज आहे.